इयत्तेपुढे वाचणारी मुले आणि रिकामी कपाटे

शाळेत जाणाऱ्या मुलांना वाचता येत नाही ही ओरड गेली अनेक वर्षे ऐकू येते आणि ती खोटी नाही. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम त्रेचाळीस मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान काढले ते ह्याच काळजीपोटी. मागे पडलेल्या मुलाचा कैवार घेणे हे समाजवादी चळवळीचे पहिले कर्तव्य आहे, ह्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ह्या मोजमापाची पट्टी कोठे संपते तेही पाहिले पाहिजे. ती दुसरीच्या उताऱ्याशी संपते. तो उतारा एका दमात वाचून ‘आता पुढचे द्या’ म्हणणाऱ्या सात वर्षांच्या मुलाची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी तरतूदही नाही.

असे मूल कष्टकऱ्याच्या घरात असत नाही, असा एक सोयीस्कर समज आहे. सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्यात चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. रसायने, यंत्रांचे सुटे भाग, कापड असे नाना उद्योग तेथे चालतात. तेथे राबणारा कामगार चिंचोळी काटी, कोंडी, पाकणी, मोहोळ येथून किंवा थेट सोलापुरातून येतो. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू वा कन्नड, कोणाच्या घरी दखनी, तर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्यांच्या खोलीत हिंदी. अशा घरांतील एखादी दुसरीतली मुलगी शाळेचे पुस्तक जून महिन्यातच संपवते. थोरल्या भावाचे चौथीचे पुस्तक दिवाळीपर्यंत तोंडपाठ करते. मग किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद, बापाच्या कारखान्यातून आलेल्या पिंपावरील सूचना, महामार्गावरील पाट्या, जे हाती लागेल ते वाचते. हिंदी घरातले मूल तर लिपी एकच असल्यामुळे दोन भाषांत वाचू लागते. ह्या मुलांना कोणी ‘अलौकिक’ म्हणण्याची गरज नाही. ती भुकेली मुले आहेत, एवढेच.

मध्यमवर्गीय घरात हा प्रश्न पैशाने सुटतो. पुण्याच्या दुकानातून पुस्तके मागवली जातात, वाचनालयाची वर्गणी भरली जाते, मावशी वाढदिवसाला संच देते. कामगाराच्या घरात मूल पुढे वाचते हे लक्षात आले की त्याच्या हाती शिष्यवृत्ती परीक्षेचे मार्गदर्शक येते. पालकांचा त्यात दोष नाही. मोहोळ तालुक्यातच पोखरापूरला नवोदय विद्यालय आहे, आणि तेथील सहावीचा प्रवेश म्हणजे मुलाचे पुढचे शिक्षण मार्गी लागणे, हे त्यांना पक्के ठाऊक असते. परंतु सातव्या वर्षी गोष्टीसाठी आसुसलेल्या मुलापुढे रिकाम्या जागा भरण्याचे पुस्तक टाकले की वाचन म्हणजे परीक्षा हे त्याच्या मनावर कायमचे कोरले जाते. नवोदय मिळाले तरी वाचनाची ओढ टिकेल, ह्याची खात्री नाही.

योग्य पुस्तक कोणते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, आणि ग्रंथपालांनी व शिक्षकांनीही त्याचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही. मुलाचे डोळे सहावीचा मजकूर वाचतात, मन मात्र सात वर्षांचेच असते. म्हणून ‘पुढचे वाचते ना, मग मोठ्यांचे द्या’ हा न्याय चुकीचा ठरतो. ‘श्यामची आई’ अशा मुलीला अक्षरशः वाचता येईल. पण कर्जापायी होणारा अपमान आणि शेवटी आईचा मृत्यू एकटीने, रात्रपाळीला गेलेल्या बापाच्या घरात वाचावा का, ह्याचा विचार कोणी तरी केला पाहिजे. ते पुस्तक द्यावे, पण शेजारी मोठे माणूस बसलेले असावे. उलट ‘तोत्तोचान’ची नायिका स्वतःच पहिलीतली मुलगी आहे, पुस्तक चांगले लांब आहे, आणि आगगाडीच्या डब्यांत भरणारी ती शाळा कोणत्याही मुलाला आपली वाटते. नॅशनल बुक ट्रस्टने ते मराठीत आणले आहे. शेवटी युद्ध येते आणि शाळा बाँबहल्ल्यात जळते; तरीही मूल ते पेलते, कारण सारे काही मुलीच्या डोळ्यांनी दिसते. मुलाचे वय आणि नायकाचे वय जवळ असावे, भाषा मात्र पुढची असावी, ही कसोटी पानांच्या संख्येपेक्षा अधिक उपयोगी पडते.

त्या कसोटीवर दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे उतरतो, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे थोडा उशिरा पण नक्की उतरतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आजही हसवतो. मात्र त्यातले घर शहरी, पांढरपेशा वर्गाचे आहे, आणि कोंडीच्या मुलाने त्यात आपले घर शोधले तर ते त्याला सापडणार नाही. मराठी बालसाहित्याचे हे जुनेच दुखणे आहे. कारखान्याचा भोंगा, पाळी, कंत्राटदार, भाड्याची खोली ह्यांतून जाणारी मुले मराठी गोष्टींत फारच थोडी भेटतात. माधुरी पुरंदरे ह्यांच्या पुस्तकांत शब्द मोजके, पण निरीक्षण इतके बारीक की पुढे वाचणारे मूलही पुन्हा पुन्हा तेथे परतते. ‘पुढचे’ म्हणजे ‘जाड’ नव्हे, हे त्यांच्यामुळे कळते. आणि कित्येक मुलांना गोष्टच नको असते, त्यांना बेडूक, आगगाडी, तारे ह्यांची खरी माहिती हवी असते. अरविंद गुप्ता ह्यांची विज्ञानाची पुस्तके अशा मुलांसाठी सोन्यासारखी आहेत.

एके काळी ही पोकळी काही अंशी सोव्हिएत पुस्तकांनी भरून काढली होती. अनिल हवालदार ह्यांच्यासारख्यांनी मराठीत आणलेली ती जाड कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तके कामगाराच्या खिशाला परवडत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तो पुरवठा थांबला. त्या राजवटीचे जे काही मूल्यमापन करायचे ते करावे. पण मुलांचे चांगले पुस्तक स्वस्त असू शकते, त्यासाठी बाजाराच्या बाहेरची शक्ती उभी राहावी लागते, हे त्या पुस्तकांनी दाखवून दिले. आपल्याकडे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून बालभारती काढते, ते ह्याच तत्त्वावर. त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य आहेत. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर चार पातळ्यांत लावलेल्या गोष्टी फुकट वाचता येतात. उपाय हाताशी आहे असे ह्यावर म्हटले जाते. परंतु घरातला एकच फोन बापाबरोबर पाळीला जातो. मूल शाळेतून येते तेव्हा तो घरी नसतो. ह्यावर कोणते संकेतस्थळ काय करणार?

काही कार्यकर्ते विचारतील की अक्षरशत्रू मुले सोडून चार हुशार मुलांची चिंता हा कोणता समाजवाद? हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. पुढे जाण्याची मुभा धनिकांच्या मुलांना जन्मतःच असते. गरिबाच्या मुलाला तेवढी ‘किमान पातळी’ पुरे, ही वाटणी कोणी केली? सुभेदार रामजी सकपाळ भीमरावांच्या पुस्तकांसाठी लेकींकडून उसने पैसे आणत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पाठ्यक्रमापलीकडचे ते एक पुस्तक कोठे जाऊन पोहोचले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. पण प्रत्येक वस्तीत केळुसकर भेटतील ह्या भरवशावर समाज चालवता येत नाही. शिवाय पुढे वाचणाऱ्या मुलासाठी आणलेले पुस्तक कपाटात राहते. मागचे मूल वर्षभराने तेथे पोहोचतेच.

कायद्याची उणीव नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असावीत असे स्पष्ट लिहिले आहे. ‘समग्र शिक्षा’खाली प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यात पहिली ते चौथीच्या सरासरी मुलासाठीच पुस्तके येणार हे उघड आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालय कर नाही. लोकांनी संस्था काढावी आणि सरकारने अनुदान द्यावे अशी रचना आहे. म्हणजे जेथे घटना लिहिणारे, लेखापरीक्षण करून घेणारे सुस्थित लोक आहेत तेथे वाचनालय उभे राहते, आणि जेथे कामगार भाड्याच्या खोलीत आज आहे, उद्या नाही, तेथे ते उभे राहत नाही. सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यातच ग्रंथालय कर आणला, आणि २०२० पासून ‘ओदुव बेळकु’ ह्या उपक्रमात ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांचे सभासदत्व मुलांना विनामूल्य केले. इंडी-विजापूरच्या बाजूने सोलापुरात येणाऱ्या कामगाराने हा फरक विचारला तर उत्तर काय द्यावे?

कारखानदारांनाही ह्यातून सूट नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत सार्वजनिक ग्रंथालयांचा उल्लेख आहे. मात्र हे दान म्हणून स्वीकारू नये. दानाच्या ग्रंथपेटीत बहुधा जुनी मार्गदर्शके निघतात आणि फलकच पुस्तकांपेक्षा मोठा असतो. अधिक हक्काचा पैसा कामगार कल्याण निधीचा आहे. १९५३ च्या कायद्याने तो कामगार, मालक आणि सरकार ह्या तिघांच्या वर्गणीतून जमतो, आणि त्यातून चालणाऱ्या कल्याण केंद्रांच्या कामात वाचनालये येतातच. कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर नीट चढवून घेणे आणि त्याच्या मुलीला पुस्तक मिळणे, ह्या दोन लढायांचा संबंध एवढा जवळचा आहे.

चिंचोळीच्या कामगार संघटनांनी ही मागणी वेतनकराराच्या वेळी पुढे ठेवावी. औद्योगिक महामंडळाच्या वसाहतींत सुविधांसाठी भूखंड राखलेले असतात. त्यांतील एकावर दोन खोल्यांचे बालवाचनालय मागावे. पुस्तकांची निवड कंत्राटदाराच्या निविदेवर सोडू नये. जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षक, एक आई आणि वाचणारी दोन मुले एवढी समिती पुरे आहे. मराठीबरोबर हिंदी, तेलुगू, कन्नड, उर्दू पुस्तकांचीही फळी असावी. वाचनालय पहिली पाळी सुटल्यावर उघडे असावे, म्हणजे बापालाही मुलाबरोबर तासभर बसता येईल. आणि पुस्तक देण्याच्या नोंदवहीत नाव, पत्ता, तारीख एवढेच रकाने असावेत; मुलाची इयत्ता लिहून घेण्याचे कारण नाही.