चष्मा विसरलेली माणसे

'मराठी वाचक घटला' अशी खंत आम्ही प्राध्यापक मंडळी चर्चासत्रांतून करतो. ज्यांच्यापर्यंत अक्षरच पोहोचले नाही, ते त्या खंतीत नसतात. २०११च्या जनगणनेत मुंबईतील सात वर्षांवरील दर दहांपैकी सुमारे एकाला कोणतीही भाषा लिहिता-वाचता येत नव्हती. अशी माणसे बँकेत 'चष्मा विसरलो' म्हणत कागद शेजाऱ्यापुढे सरकवतात. शाळा जेमतेम दीड दिवस पाहिलेले अण्णा भाऊ साठे याच शहरात पाट्या वाचत अक्षरे लावायला शिकले. १९५९मध्ये त्यांची 'फकिरा' आली. तो अपवाद आम्ही कौतुकाने शिकवतो. तास संपल्यावर वर्ग झाडायला येणाऱ्या मावशींना फळ्यावरचे ते नाव वाचता येते का, हे मात्र आम्ही कधी विचारलेले नाही. वाचकाचा शोध तिथून सुरू व्हायला हवा.