हाडे बाईची, शस्त्रे कुणाची?

स्वीडनमधल्या बिर्का या व्हायकिंगकालीन गावी १८७८ साली याल्मार स्टोल्पे यांनी दहाव्या शतकातले एक थडगे खणले. आत तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, ढाली, दोन घोडे आणि पटावरच्या सोंगट्या. एवढी शस्त्रे म्हणजे मोठा योद्धा, आणि योद्धा म्हणजे पुरुष, असे ठरून गेले. हाडे बाईची दिसतात, असे तपासणाऱ्यांनी पुढे सांगितलेही. कुणी फारसे मनावर घेतले नाही. २०१७ साली शार्लोट हेडेनस्टिएर्ना-जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला. ती बाईच निघाली.

मग मात्र शंकांना ऊत आला. हाडांची अदलाबदल झाली असेल, शेजारी एखादा पुरुष असेल, शस्त्रे नुसती मानाची असतील! २०१९ साली संशोधकांनी पुन्हा सविस्तर उत्तरे दिली.

शस्त्रे सोबत पुरली म्हणून ती लढलीच असे सिद्ध होत नाही, हे खरे. पण जवळजवळ १४० वर्षे तिला पुरुष समजत होते, तेव्हा हा प्रश्न किती जणांना पडला? मैत्रिणींनो, इतिहासात पुरावा मागायलाच हवा. फक्त तो बाईकडे आणि पुरुषाकडे सारखाच मागा, एवढेच आपले म्हणणे.