आठवणींचा वारसा

माघ वद्य सप्तमीला बुलढाणा जिल्ह्यातील शेगावात गजानन महाराजांचा प्रकटदिन साजरा होतो. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी देविदास पातुरकरांच्या घराबाहेर पडलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अग्रवालांच्या दृष्टीस पडला, ही आठवण त्या दिवशी घरोघरी जागी होते. तो कोण, कुठला, कोणत्या कुळातला, हे तेव्हा कुणास ठाऊक नव्हते. आजही ते निर्विवादपणे सांगता येत नाही. ज्याचे नाव सांगून वऱ्हाडातील असंख्य माणसे आपली ओळख देतात, त्याची स्वतःची ओळख मात्र अज्ञातच राहिली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

धार्मिक स्मृती ग्रंथांपेक्षाही घरातून अधिक मिळते. दासगणूंच्या पोथीचे एकवीस अध्याय समजण्याच्या कितीतरी आधी मूल ते आजीच्या मांडीवर बसून ऐकते. पानातले अन्न टाकू नये, हा धडा त्या शितांच्या कथेतूनच त्याच्या अंगवळणी पडतो. व्यक्तीचे मन असे घडते. आणि अशी अनेक मने एका दिंडीत चालू लागली की त्यांचा समाज होतो.

परंतु एका भूमीत एकच स्मृती नांदते असे मानणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. तेथील यात्रा होळीच्या सुमारास भरते, नारळांची होळी पेटते आणि संदलाच्या दर्शनाला हिंदू आणि मुसलमान दोघेही लोटतात. त्या गर्दीत कोणती आठवण कोणत्या धर्माची, याची वाटणी कुणी करू म्हटले तरी ती व्हायची नाही.

याच वऱ्हाडात अशीही घरे आहेत, ज्यांच्या पूर्वजांची देवळाविषयीची आठवण पायरीबाहेर ताटकळण्याची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा ओळख विवेकाने निवडताही येते हे सिद्ध झाले. त्यांना 'मागचे विसरा' असा उपदेश करणाऱ्यांनी आपण स्वतः काय सोयीस्करपणे विसरलो आहोत, हे आधी तपासावे. उत्सव लक्षात ठेवणारा समाज अन्याय विसरू लागला, तर त्याची स्मृती अर्धी राहते. आणि अर्ध्या स्मृतीवर उभी राहिलेली अस्मिता दुसऱ्याला परका ठरवल्यावाचून टिकत नाही.

म्हणून शाळेत मुलांना आपापल्या घरची आठवण सांगू द्यावी, आणि शेजारच्या बाकावरची ऐकण्याचीही सवय लावावी. आपल्या भक्तीची कसोटी मिरवणुकीच्या लांबीवर ठरत नाही. दारी आलेल्या अनोळखी माणसाला आपण आधी काय विचारतो, जेवलास का, की जात कोणती, यावर ती ठरते. शेगावच्या त्या उष्ट्या पत्रावळींनी हा प्रश्न १८७८ मध्येच विचारून ठेवला आहे.