विश्लेषण : घोड्याची भीती ओळखायला एमआरआय कशाला हवा?

लग्नसराईत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या रस्त्यांवर वरातीचा घोडा दिसतोच. पुढे डीजे, बाजूला फटाके. त्या गोंगाटात घोड्याच्या मेंदूत काय चालते, हे एमआरआय सांगू शकेल?

एमआरआय काय करतो?
शक्तिशाली चुंबक आणि रेडिओलहरींच्या साह्याने शरीरातील हायड्रोजनचे संकेत टिपून प्रतिमा तयार होते. मेंदूतील गाठ, गळू, सूज त्यात दिसते. त्यामुळे झटके येणाऱ्या किंवा तोल जाणाऱ्या घोड्याच्या निदानासाठी ही तपासणी मोलाची आहे.

मग अडचण कुठे?
घोड्याचे फक्त डोके यंत्राच्या बोगद्यात जाते. चारशे-पाचशे किलोचे धूड बाहेरच राहते. लोखंडी नाल आधी काढावे लागतात आणि पूर्ण भूल द्यावी लागते. २००२ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पोटशुळाचे रुग्ण वगळूनही, भूल दिलेल्या शंभर घोड्यांमागे सुमारे एक दगावल्याचे आढळले. शुद्धीवर येताना धडपडून हाड मोडण्याचाही धोका असतो. पायाचा एमआरआय उभ्या घोड्याचा करता येतो, मेंदूसाठी मात्र ही सोय नाही.

भीती दिसेल का?
अमेरिकेत एमरी विद्यापीठातील ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने २०१२ मध्ये जागे कुत्रे यंत्रात निश्चल ठेवून त्यांच्या मेंदूचा अभ्यास केला. कुत्र्याला तसे शिकवता येते. घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी, आणि भूल दिलेल्या मेंदूत वरातीतली भीती शोधून सापडणार नाही.

मग करायचे काय?
मागे वळलेले कान, विस्फारलेले डोळे, घामेजलेली मान ही भीतीची खूण कोणत्याही यंत्राविना दिसते. शिवाय माणसाला ऐकू न येणारे उच्च स्वरही घोड्याला ऐकू येतात. त्याच्या कानाशी फटाके लावणे म्हणजे छळच.

बदलापूरच्या पुढे नेरळहून वर माथेरानला गेले की घोडा हे अनेक कुटुंबांचे पोट आहे. अशा घोड्याच्या मज्जासंस्थेला मोठा धोका धनुर्वाताचा. खुरात घुसलेला एक खिळाही त्याला पुरतो, आणि त्यावर लस आहे.

म्हणून प्राधान्य स्पष्ट हवे. मोठ्या पशुवैद्यकीय केंद्रात एमआरआय जरूर असावा. पण गावोगावच्या घोड्यांना आधी लस, खुरांची निगा, पुरेशी विश्रांती मिळायला हवी. आजारी, जखमी जनावराला राबवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहेच. वरातीचा डीजे बंद करायला तर कोणत्याही यंत्राच्या अहवालाची गरज नाही.