फुटणाऱ्या मंडळ्या आणि त्यांचे टीकाकार

महाविद्यालयातील चार तरुण वाद्ये जमवून एखादा ‘बँड’ काढतात, दोन वर्षे गाजतात आणि तिसऱ्या वर्षी भांडून वेगळे होतात, हे पाहून आमच्यातील पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांस समाधानच वाटते असे दिसते. रॉक हे परकी रोपटे, आणि ह्या पोरांस एकत्र नांदण्याची शिस्त नाही, असा निकाल देऊन ते मोकळे होतात.

पण ज्या संगीत रंगभूमीचे नाव निघताच हेच गृहस्थ गहिवरतात, ती कशी वाढली? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली मंडळी काढली. १८८५ साली ते निवर्तले, तरी मंडळी चालली. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे तीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१८ साली दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे ह्यांनीही तेच घर सोडून बळवंत संगीत मंडळी उभारली. ही बेशिस्त म्हणावयाची काय? पहिली फूट झाली नसती तर १९१६ सालचे गंधर्वांचे ‘स्वयंवर’ कोठून येते? आणि दीनानाथांची ती उसळती तानबाजी दुसऱ्याच्या छत्राखाली किती दिवस मावली असती?

विलायतेतही निराळे घडले नाही. बीटल्सची मंडळी १९६० ते १९७० एवढीच टिकली. लेनन व मॅकार्टनी ह्यांनी आपल्या गीतांवर दोघांची नावे घालण्याचा करार पाळला, परंतु हॅरिसनच्या वाट्यास एका तबकडीत एकदोन गीतांहून अधिक क्वचितच येई. मंडळी मोडली त्याच वर्षी त्याने एकट्याने तीन तबकड्यांचा संच काढला! मुंबईचा ‘रॉक मशीन’ १९८४ साली निघाला, १९९३ साली ‘इंडस क्रीड’ झाला, १९९७ साली थांबला आणि २०१० साली पुन्हा उभा राहिला.

कोणी म्हणेल, आमच्या वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या गावची भजनी मंडळे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, ती कशी? उत्तर सोपे आहे. तेथे अभंग संतांचा, चाल वडिलांची, आणि वाटून घ्यावयास उत्पन्न नाही. मृदंगी गेला तर त्याचा पुतण्या बसतो. जेथे प्रत्येकास आपली स्वतःची चाल बांधावयाची आहे, तेथे ही उपमा लागू पडत नाही. (भजनी मंडळातही मृदंग कोणाच्या घरी राहावयाचा ह्यावरून रुसवे होतात, हे खेड्यात राहिलेल्यास सांगावयास नको.)

खरा दोष फुटण्यात नसून हिशेबात आहे. गंधर्व मंडळीत आरंभी तिघे भागीदार होते. टेंबे गेले, बोडस गेले, आणि अखेर नाव एकाचे, कर्जही एकाच्या डोक्यावर! आजच्या बँडातही हेच चालते. नाव कोणाच्या मालकीचे, चालीचा मोबदला कोणास, सोडून जाणाऱ्याने काय न्यावे, ह्याबद्दल एक ओळ लिहिलेली नसते, कारण मित्रांत कागद करणे आम्हांस अभद्र वाटते. ह्या मुलांस तो कागद करावयास शिकवणे हे वडीलधाऱ्यांचे काम होते. ते सोडून आम्ही त्यांस संस्कृतीवर व्याख्याने देतो. आणि आमची महाविद्यालये स्नेहसंमेलनाच्या एका रात्री त्यांच्यासाठी मांडव घालतात, पण वर्षभर तालमीस एक खोली उघडून देत नाहीत.