कॅमेरा मुलाकडे नको, गावाकडे वळवा

२ एप्रिल हा जागतिक ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता जागरूकता दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००७ मध्ये तसा ठराव केला आणि २००८ पासून तो पाळला जातो. चांद्र वर्षाच्या हिशेबाने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. त्यामुळे २०२३ आणि २०२४ मध्ये हा दिवस रोजांमध्येच आला. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला झाली आणि दोनच दिवसांनी हा दिवस उजाडला.

या सुमारास शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना जनजागृतीचा व्हिडिओ करायला सांगितले जाते. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या तालुक्याच्या गावातही आता प्रत्येक घरात मोबाईल आहे, त्यामुळे काम सोपे वाटते. ठरलेला साचाही तयार असतो. ओळखीतले एखादे स्वमग्न मूल शोधायचे, ते एकटे बसलेले किंवा हात हलवत असलेले दाखवायचे, मागे बासरीचे करुण संगीत टाकायचे आणि शेवटी ‘हीसुद्धा देवाचीच लेकरे’ अशी ओळ लिहायची. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण त्या मुलाला कोणी विचारले का?

गोरेगाव लहान आहे. इथे चेहरा दिसला की आडनाव, मोहल्ला, घर सगळे कळते. व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या एका गटातून दुसऱ्या गटात जातो आणि मग तो परत घेता येत नाही. आज सहा वर्षांचे असलेले मूल उद्या सोळा वर्षांचे होईल. ज्या घडीला त्याला आवाज असह्य झाला, ते जमिनीवर पडून ओरडले, ती घडी गावभर फिरलेली असेल. त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या बैठकीतही ती निघेल. आईवडिलांनी शिक्षकांच्या भिडेखातर होकार दिला, म्हणून मुलाने होकार दिला असे होत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चेहरा दिसल्याशिवाय लोकांच्या काळजाला हात लागत नाही. ‘माय नेम इज खान’ (२०१०) आणि ‘बर्फी’ (२०१२) या चित्रपटांमुळे लाखो लोकांच्या कानावर हा विषय गेला, हे खरेच. पण तिथे कॅमेऱ्यासमोर समजून-उमजून काम करणारे प्रौढ कलाकार होते. शिवाय चेहऱ्यामुळे गैरसमजही होतो. ‘रेन मॅन’ (१९८८) या इंग्रजी चित्रपटानंतर प्रत्येक स्वमग्न माणूस आकड्यांचा जादूगार असतो, अशी समजूत जगभर पसरली. प्रत्यक्षात एक मूल बोलत नाही, दुसरे एकाच विषयावर तासभर बोलते, तिसऱ्याला फक्त ठरलेल्याच ताटात जेवण लागते. एखाद्या स्वमग्न तरुणाला स्वतःहून बोलायचे असेल तर जरूर बोलू द्यावे. मात्र काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हे त्यानेच ठरवावे.

मग विद्यार्थ्यांनी चित्रित काय करायचे? गाव. बाजारातली गर्दी, कर्णकर्कश हॉर्न, वरातीचा डीजे, मिरवणुकीतले ढोल, सहरीच्या वेळी जागवणारा भोंगा. हे सगळे आवाज एकावर एक चढवून तीस सेकंद ऐकवले, तरी बघणारा कान झाकेल. अनेक स्वमग्न मुलांना रोजचा बाजार असाच ऐकू येतो. मग शेजाऱ्यांच्या भूमिका विद्यार्थ्यांनीच कराव्यात. ‘आईने लक्ष दिले नाही’, ‘नजर लागली’, ‘लसीने झाले’ ही वाक्ये त्यांच्या तोंडी घालावीत आणि एकेकाला उत्तर द्यावे.

उत्तरे उपलब्ध आहेत. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये या स्थितीचे वर्णन केले. त्यानंतर कितीतरी वर्षे पाश्चात्त्य देशांतही आईच्या थंडपणाला दोष दिला गेला. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून तो आरोप खोडून काढला. स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मजात फरक आहे, संगोपनाचा दोष नाही. लसीचा संबंध जोडणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. दुआ करावी, नवसही बोलावा, पण ताईत आणि झाडफूक यांत वर्षे घालवली तर मुलाच्या शिकण्याचा मोलाचा काळ हातचा जातो.

हा व्हिडिओ झाडीबोलीत झाला तर अधिक चांगले. झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्रभर नाटकाला बसतो आणि आपल्या बोलीतली गोष्ट घरी घेऊन जातो. पुस्तकी भाषेतली घोषणा तो ऐकतो आणि विसरतो.

शेवटी कामाची माहिती हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते, त्यात वाढीतले असे फरकही पाहिले जातात. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. १९९५ च्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ती आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणे हा याच कायद्याने गुन्हा ठरतो. ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याची सोय आहे. एवढी माहिती दोन मिनिटांत सांगता येते आणि एखाद्या घराला ती वर्षभर पुरते.

रमजानमध्ये या घरांची परीक्षा वेगळीच असते. ठरलेल्या वेळापत्रकावर जगणाऱ्या मुलाचे जेवण, झोप, घरातली वर्दळ, सगळे एका रात्रीत बदलते. इफ्तारला पाहुणे आले की ते कोपऱ्यात जाऊन बसते. तरावीहच्या रांगांतून ते धावले की माना वळतात आणि दुसऱ्या दिवसापासून बाप एकटाच मशिदीत येतो, आई तर कुठेच जात नाही. आरतीच्या मंडपात आणि लग्नाच्या मांडवातही हेच घडते.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. नमाज लांबवण्याचा इरादा असतानाही मूल रडल्याचे कानी पडले, की पैगंबर ती आटोपती घेत, कारण त्या आईच्या जिवाची घालमेल त्यांना ठाऊक होती. मुलाला बाहेर न्या, असे त्यांनी सांगितले नाही. बदलली ती नमाजची लांबी. रोजा पोटाचा असतो तसा जिभेचा आणि नजरेचाही असतो, असे मौलाना दरवर्षी सांगतात. ‘पागल’ हा शब्द गिळणे आणि टक लावून न पाहणे, हा त्या रोजाचाच भाग. तो पाळायला मुसलमान असावे लागते असेही नाही.

विद्यार्थ्यांच्या व्हिडिओला किती लाईक मिळाले, यावर त्याचे यश मोजू नये. पुढच्या ईदला ईदगाहवर किंवा दिवाळीनंतरच्या मंडईत एखादी आई आपल्या लेकराचा हात धरून आली, ते कान झाकून थोडे ओरडले आणि कोणी वळून पाहिले नाही, तर व्हिडिओ चांगला झाला असे समजावे.