बोंडअळीनं शिकवलं ते गळवाला का लावत नाही?

आज पिकाची नोंद नाही. आज गळू, केसतूड, बेंड आणि कोयत्याची जखम. काहींना वाटेल, शेतीच्या पानावर हे कशाला? वाचा आणि मग सांगा, हे शेतीचं आहे का नाही.

२०१७ साल आठवा. शेंदरी बोंडअळीनं मराठवाडा-विदर्भात कपाशीची काय गत केली ते सगळ्यांनी बघितलंय. बीटीच्या पाकिटाबरोबर रेफ्युजीची पुडी यायची. बिगर बीटी कपाशी कडेनं लावायची, म्हणजे विषाशी गाठ न पडलेल्या अळ्याही शिवारात राहतील आणि विष पचवणारीचाच वंश माजणार नाही, एवढा साधा हिशोब होता. किती जणांनी लावली ती? पुड्या बांधावर पडल्या. सगळ्या शिवारात वर्षानुवर्षं एकच विष, आणि त्यातून जी वाचली तिचीच पिलावळ. औषध अळी तयार करत नाही, औषध अळी निवडतं. हे आज पारावरचा कुठलाही शेतकरी तुम्हाला समजावून सांगेल. थ्रिप्सला तेच ते मारू नका, गट बदला, अर्धा डोस मारू नका, हे आपण इथं शंभरदा बोललोय.

आणि हाच शेतकरी मांडीला गळू आलं की मेडिकलवर जाऊन म्हणतो, "ते लाल-पिवळं कॅप्सूल द्या चार."

चार! फवारणीला पंपाचं माप मोजून घेणारा माणूस स्वतःच्या अंगात चार गोळ्यांची धूळफेक करतो. ठणका जरा कमी झाला की उरलेल्या दोन देवळीत ठेवतो, पुढच्या वेळेला पोराला. माझं भांडण ह्याच्याशी आहे. अडाण्यानं केलं असतं तर समजून घेतलं असतं. पण आपण अडाणी नाही. प्रतिकार म्हणजे काय हे डॉक्टरच्या आधी आपल्या रानानं आपल्याला शिकवलंय.

आता जंतूचं बघू. गळू, केसतूड, नखुरडं, पिकलेली जखम, ह्यातलं बरंचसं ज्या जंतूमुळं होतं त्याचं नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस. डॉक्टर मंडळी नुसतं स्टॅफ म्हणतात. हा कुठून बाहेरून येत नाही. साधारण दर तीन माणसांत एकाच्या नाकात तो गपचूप राहतो, काही त्रास देत नाही. कातडीला चीर पडली, उसाच्या पाचटानं ओरखडलं, दाढी करताना कापलं, की आत शिरतो. पेनिसिलीन आलं तेव्हा हा मुकाट मरायचा. थोड्याच वर्षांत पेनिसिलीन पचवायला शिकला. म्हणून १९५९ च्या सुमाराला मेथिसिलिन नावाचं नवं औषध आणलं, तर १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही न जुमानणारा स्टॅफ सापडला. दोन वर्षं! त्यालाच एमआरएसए म्हणतात. आधी तो दवाखान्यातला रोग समजत. आता दवाखान्याची पायरी न चढलेल्या धडधाकट माणसाच्या गळवातही निघतो.

इथं सल्लागार मित्रांना लगेच कळेल अशी एक गोष्ट. पेनिसिलीनच्या घराण्यातली औषधं जंतूच्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतात, ते प्रथिनच ह्यानं बदललंय. कुलूपच बदललं, मग जुन्या चाव्यांचा जुडगा काय कामाचा? अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन, सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, नावं वेगळी पण जुडगा एकच. इमिडाक्लोप्रिडनं मावा मरेना म्हणून थायोमेथोक्झाम मारणाऱ्याला आपण हसतो ना? गट तोच, बाटली नवी. मेडिकलच्या काउंटरवर नेमकं हेच चाललंय. एका गोळीनं उतरलं नाही, ही 'जरा भारी' घ्या. भारी म्हणजे काय, तर महाग.

आमच्या शेजारच्या वस्तीवरचा एक गडी, वय पंचेचाळीस, साखरेचा त्रास असलेला. पाठीवर बेंड आलं. तालुक्याच्या एका मेडिकलमधून तीन आठवड्यांत चार प्रकारच्या गोळ्या आणि एक मलम. मलमात स्टेरॉईड होतं, त्यामुळं वरची लाली आणि खाज गेली आणि त्याला वाटलं बरं होतंय. आत पू वाढतच होता. शेवटी ताप भरला तेव्हा दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरांनी चिरा देऊन वाटीभर पू काढला आणि थोडा तपासणीला पाठवला. तिसऱ्या दिवशी कागद आला. औषधांच्या नावांची उभी रांग, पुढं कुठं 'एस', कुठं 'आर'. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. त्यानं खाल्लेल्या चारही औषधांपुढं 'आर' होतं. अकरा दिवस तिथं पडून राहिला. ऐन सुगीत.

तर गळवाचं पहिलं औषध गोळी नाहीच. पू बाहेर काढणं हे पहिलं औषध. पुवाच्या पिशवीत रक्त पोचत नाही, मग रक्तातून जाणारी गोळी तिथं पोचणार कशी? लहान गळू असेल तर स्वच्छ फडकं सोसेल एवढ्या गरम पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा शेकायचं. आजी पोटीस बांधायची त्यातली ऊबच कामाची होती. मात्र साखरवाल्यांनी पायाला शेकताना दुसऱ्याच्या हातानं फडक्याची ऊब बघून घ्यावी, त्यांना चटका कळत नाही. आपोआप फुटलं तर साबणानं धुवायचं आणि कोरड्या स्वच्छ पट्टीनं झाकून ठेवायचं, सुकेपर्यंत. दाबायचं नाही, बाभळीच्या काट्यानं किंवा सुईनं फोडायचं नाही, दाबलं की पू आत सरकतो. चुना, तंबाखू, शेण, रॉकेल ह्यातलं काहीही लावायचं नाही. शेणामातीनं धनुर्वाताचीही भीती असते.

आणि मोठं झालं, दोन-तीन दिवसांत कमी येईना, ताप आला, लाली पसरत चालली (कडेनं पेनानं रेघ मारून ठेवा, सकाळी रेघेच्या बाहेर गेली का बघा), नाकावर, ओठावर किंवा डोळ्याजवळ आलं, रुग्ण लहान मूल, म्हातारा किंवा साखरवाला असेल, किंवा घरात एकामागून एकाला येतंय, तर दवाखाना. चिरा डॉक्टरनंच द्यायचा. "पू तपासायला पाठवता का?" हे तोंडानं विचारायचं, लाजायचं नाही. गोळ्या लिहून दिल्या तर सांगितल्या तेवढे दिवस पूर्ण घ्यायच्या. नाही लिहिल्या तर "साधं इंजेक्शनसुद्धा दिलं नाही, कसला डॉक्टर" म्हणून गावभर करायचं नाही. डॉक्टरला औषधं वाढवायला आपणच लावतो.

आता मला येणारं उत्तर माहीत आहे. "दादा, डॉक्टरकडं गेलं की दिवस मोडतो, फी जाते, तपासणीचे वेगळे. गोळी वीस रुपयांत मिळते." खरं आहे, खोटं म्हणणार नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला हे सांगताना मलाही जड जातं. पण वीसची गोळी चार वेळा घेऊन शेवटी अकरा दिवस कॉटवर पडणं स्वस्त कसं ते मला कुणी मांडून दाखवावं. आणि मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय गोळी देणं हा उपकार नाही. मार्च २०१४ पासून कायद्यात एच-१ नावाची यादी आहे. तिच्यातल्या अँटिबायोटिकांना डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि विक्रीची वेगळी वही ठेवावी लागते. स्ट्रिपवर उभी तांबडी रेघ असते ती शोभेला नाही.

अंगावरून अंगावर जाणारा हा जंतू आहे. एका पंचानं सगळ्या घरानं अंग पुसायचं, एका वस्तऱ्यानं तिघांनी दाढी करायची, तालमीतल्या पोरांनी एकमेकांचे लंगोट-टॉवेल वापरायचे, की झालं. ज्याला गळू आहे त्याचा टॉवेल, चादर, वस्तरा वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. कोरड्या कापडावरही हा कितीतरी दिवस जगतो. पट्टी बदलली की आधी हात साबणानं धुवायचे, मग दुसरं काम.

ऊसवाल्या बागायतदारांना इथं थोडं कडू बोलतो. टोळी येते, मुकादमाला लाखांनी उचल देता, आणि दहा कोप्यांच्या मध्ये पाण्याचा एक पिंप आणि साबणाची एक वडी देत नाही. कोयता लागला की चिंधी बांधून माणूस परत फडात. पाचटाची कूस, घाम, ओरखडे, अंघोळीला पाणी नाही, जंतूला आणखी काय पाहिजे? पट्ट्या, साबण, उकळून गार केलेलं पाणी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला नेण्यापुरती मोटारसायकल, ह्याला एका टनाचे पैसेही लागत नाहीत.

गोठ्याकडं या. गायीला दगडी होते, त्यातही ह्याच स्टॅफचा मोठा हात आहे. आणि तो धार काढणाऱ्याच्या हातानं, एकाच फडक्यानं, मशीनच्या कपानं एका सडातून दुसऱ्या सडात जातो. हाताला पिकलेली जखम असेल तर धार काढू नका. निरोगी गायी आधी, दगडीवाली सगळ्यात शेवटी. प्रत्येक गायीला वेगळं फडकं. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि पुढं वैरण टाका, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत गाय उभी राहील. ही झाली राखण. पण चालतं काय? सडात एक ट्यूब सोडायची, गाठी कमी दिसल्या की बंद. दुसऱ्या महिन्याला दुसरी. स्टॅफ कासेत घर करून बसतो, पेशीच्या आत लपतो, असल्या अर्धवट ट्यूबनं तो हलत नाही, फक्त निबर होतो. दूध तपासायला पाठवा. पुण्याला औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या पशुवैद्यकाला नमुना कसा घ्यायचा ते विचारा. आणि ट्यूबवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका. ते कुणाचं तरी लेकरू पितं.

"हे आपल्याकडं होणार नाही" म्हणणाऱ्यांसाठी. नेदरलँड्समध्ये २००४-०५ च्या सुमाराला डुक्करपालकांच्या अंगावर जनावरांतून आलेला एमआरएसए सापडला. तिथं आजही डुक्करपालक दवाखान्यात भरती व्हायचा असला की आधी नाकाची तपासणी करतात, तोवर वेगळा ठेवतात. शेतकरी म्हणून ही वेळ यावी? पण २००९ नंतरच्या दहा वर्षांत त्यांनी जनावरांतली अँटिबायोटिकं निम्म्याच्या खाली आणली. शेतकऱ्यांनीच आणली.

शेवटचा दगड आमच्या डाळिंबवाल्या सल्लागार मित्रांच्या अंगणात. तेल्याला स्ट्रेप्टोसायक्लिन. त्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन, १० टक्के टेट्रासायक्लिन. तेल्याचा जंतू वेगळा, स्टॅफ वेगळा, ते मला कळतं. पण टेट्रासायक्लिनच्याच घराण्यातलं डॉक्सिसायक्लिन एमआरएसएच्या गळवाला अजून बऱ्याचदा लागू पडतं. पेनिसिलीनचा जुडगा गेल्यावर राहिलेल्या थोड्या चाव्यांतली ती एक आहे. आणि तीच तुम्ही वेळापत्रकात दर दहा दिवसांनी 'प्रतिबंधात्मक' म्हणून लिहून देता? फवारणाऱ्या गड्याच्या हातापायाच्या कातडीवर ती पडते, नाकात जाते, आणि स्टॅफ राहतो कुठं, तर नाकात आणि कातडीवर. २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं ह्याच्या शेतीवापरावर बंदीचा मसुदा काढला, तो उगाच नाही. बहार धरताना बागेला ताण, छाटणीच्या कात्रीचं निर्जंतुकीकरण, रोगट फळं-पानं वेचून जाळणं, बोर्डो, हे सगळं तुमच्याच भाषणात मी ऐकलंय. मग वेळापत्रकात ते शेवटच्या ओळीत आणि पुडी पहिल्या ओळीत का?

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पुवाचा नमुना घेऊन तपासणीला पाठवायची सोय नाही. येत्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज देणार आहे. नमुना केंद्रात घ्यावा, आठवड्यातून एकदा जिल्हा रुग्णालयात जावा आणि कागद परत केंद्रात यावा, एवढीच मागणी. तुमच्या गावात कुणी असा ठराव केला असेल तर त्याची भाषा मला पाठवा, तशीच्या तशी वापरतो.